उपग्रहाची चूक चार वॅटची, मग एका वॅटचा असमतोल खरा कशावरून?

गेवराई तालुक्यातले एक विद्यार्थी भौतिकशास्त्रात एमएस्सी करत आहेत. त्यांनी विचारलं आहे: पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेते त्यापेक्षा दर चौरस मीटरला साधारण एक वॅट कमी परत सोडते, असं वाचलं. उपग्रहावरची उपकरणं तीन-चार वॅटने चुकू शकतात, हेही वाचलं. मग हा एक वॅट खरा कशावरून? आणि खरा असला तरी एका वॅटने काय होतं? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हजार वॅट डोक्यावर असतात. शिवाय, कॉलेजच्या गच्चीवर हे मोजून बघता येईल का?

यातला पहिला प्रश्न मला स्वतःला कित्येक वर्षं छळत होता. मी परभणी-हिंगोली पट्ट्यात कृषी हवामानाच्या नोंदी घेण्यात सव्वीस वर्षं घालवली. सकाळी सात आणि दुपारी दोनची निरीक्षणं, बाष्पीभवन पात्र, मातीतले तापमापक, पुढे किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणं. त्यामुळे उत्तर देताना मी आधी शेतातून सुरुवात करतो आणि मग आकाशात आणि समुद्रात जातो.

आधी आकडे नीट मांडून घेऊ. पृथ्वीच्या कक्षेजवळ, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर १३६१ वॅट पडतात. पृथ्वी हा गोल आहे आणि त्याचा निम्मा भाग कायम अंधारात असतो. ऊन अडवणारी थाळी आणि गोलाचा पृष्ठभाग यांचं प्रमाण एकास चार. म्हणून दिवस-रात्र, विषुववृत्त-ध्रुव सगळं धरून सरासरी ३४० वॅट येते. त्यातले १०० च्या आसपास ढग, बर्फ, वाळू आणि हवेतले कण परत उडवतात. उरलेले २४० आत मुरतात. बदल्यात पृथ्वी २३९ च्या आसपास उष्णतेच्या अदृश्य किरणांनी अवकाशात सोडते. मधला फरक म्हणजे आपला एक वॅट, म्हणजेच असमतोल.

अडचण इथेच आहे आणि तुम्ही ती बरोबर पकडली आहे. दोन मोठ्या रकमा वेगवेगळ्या मोजायच्या आणि वजाबाकी करून लहान शिल्लक काढायची, तर मोठ्या रकमांतली सगळी चूक त्या शिल्लकीवर येऊन बसते. २४० मध्ये एक टक्का चुकला तरी अडीच वॅट गेले. उपकरण वाईट नसतं, रीतच घातकी असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. रब्बी ज्वारीच्या एका तुकड्यावर आम्ही ऊर्जेचा हिशोब मांडत होतो: पिकावर निव्वळ किरणोत्सर्ग किती पडतो, त्यातला जमिनीत किती जातो, हवा तापवायला किती लागतो आणि पाण्याची वाफ करायला किती. शेवटची रक्कम वजाबाकीने काढायची होती, कारण पिकाला पाणी किती लागतं ते त्यातूनच कळणार होतं. जमिनीत जाणारी उष्णता मोजायला मातीत एक छोटी चकती पुरतात. जानेवारी सरत आला तसे त्या चकतीचे आकडे घसरू लागले. पिकाची सावली दाटली असेल असं आम्ही समजलो. पंधरा दिवसांनी उकरून पाहिलं तर काळ्या रानाला भेग पडली होती, आणि ती नेमकी चकतीच्या बाजूने गेली होती. चकतीखाली बोटभर पोकळी होती. मातीला न टेकलेली चकती मातीची उष्णता काय सांगणार? पंधरा दिवसांच्या नोंदी बाद केल्या, आणि त्याहून वाईट म्हणजे ती सगळी चूक पिकाच्या पाण्याच्या आकड्यात जाऊन बसली होती. भारी काळ्या जमिनीवर काम केलेल्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चाललो: शिल्लक जिथे साठते तिथे जाऊन ती मोजता येत असेल, तर वजाबाकीच्या नादी लागू नये.

आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्या, पैठणच्या नाथसागराचं. पावसाळ्यात रोज बातमी येते: येवा इतके क्युसेक, विसर्ग इतका. वाचताना वाटतं की कुणीतरी गोदावरीच्या पात्रात उभं राहून येणारं प्रत्येक क्युसेक मोजतं आहे. प्रत्यक्षात नदीशिवाय ओढे आहेत, काठाने उतरणारं पाणी आहे, थेट जलाशयावर पडणारा पाऊस आहे. एवढ्या वाटांनी आत येणारं पाणी थेट मोजून जमणार नाही. म्हणून भिंतीजवळची पाणीपातळी वाचतात. पातळी किती चढली त्यावरून साठा किती वाढला ते कळतं, त्यात सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन मिळवलं की येवा निघतो. भरवशाचा आकडा साठ्याचा, येव्याचा आकडा त्यावरून.

पृथ्वीच्या उष्णतेचा नाथसागर म्हणजे समुद्र. का, ते एका तुलनेने कळेल. जमिनीपासून वर अवकाशापर्यंतची सगळी हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच समुद्राचा वरचा जेमतेम अडीच मीटरचा थर एक अंशाने तापवायला लागते. समुद्र सरासरी साडेतीन किलोमीटरच्या पुढे खोल आहे. म्हणून १९७१ ते २०१८ या काळात साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के समुद्रात गेली, ५ टक्के जमिनीत, ३ टक्के बर्फ वितळण्यात आणि हवेत फक्त १ टक्का. हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालातले आकडे आहेत. आपण वर्तमानपत्रात रोज ज्या तापमानाची चर्चा करतो, ते त्या एका टक्क्याचं.

आता समुद्राची पातळीपट्टी कोणती? आर्गो नावाचे तरंगते यांत्रिक नळे. माणसाच्या उंचीएवढा एक नळा समुद्रात सोडतात. तो हजार मीटर खोल जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहतो. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून वर येताना प्रत्येक थराचं तापमान, क्षारता आणि दाब नोंदवतो. वर आल्यावर उपग्रहाकडे नोंदी पाठवतो आणि परत बुडी मारतो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अशा नळ्यांची संख्या तीन हजारांवर गेली, आता ती चार हजारांच्या घरात असते. हिंदी महासागरातल्या आपल्या नळ्यांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते. मराठवाड्यातल्या मुलांना हैदराबाद म्हटलं की निजाम आणि मुक्तिसंग्राम आठवतो, पण पृथ्वीच्या उष्णतेचा एक हिशोब त्याच शहरात लिहिला जातो. एमएस्सीनंतर काय करावं हा प्रश्न असेल, तर तिथली दारं ठोठावून बघा.

तुम्ही भौतिकशास्त्राचे आहात, म्हणून हिशोब स्वतः करून पाहा. एक वॅट वर्षभर चालला तर दर चौरस मीटरला सव्वातीन कोटी ज्यूलच्या आत-बाहेर उष्णता होते. त्यातले ९० टक्के समुद्रात आणि समुद्र पृथ्वीच्या ७१ टक्के भागावर, म्हणजे समुद्राच्या चौरस मीटरमागे चार कोटी ज्यूल. ते दोन हजार मीटर पाण्यात पसरले तर वर्षाला साधारण ०.००५ अंश. शतांशाचाही अर्धा. एवढं मोजता येतं का? एका नळ्याचा तापमापक ०.००२ अंशापर्यंत विश्वासाचा असतो आणि असे हजारो नळे वर्षाला एक लाखाच्या पुढे बुड्या मारतात. एकेका ठिकाणचे भोवरे आणि हंगामी चढउतार सरासरीत विरतात. एका वर्षाचा आकडा तरीही डळमळतो. दहा वर्षांचा मात्र दशांश वॅटच्या आसपास पक्का होतो. असमतोलाचा आकडा वाचताना तो किती वर्षांच्या सरासरीचा आहे हे आधी बघा. एका महिन्याच्या आकड्याला तर अर्थच नसतो, कारण जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, जुलैत लांब, आणि नुसत्या त्या फरकाने येणारं ऊन ३४० च्या मागेपुढे दहा-अकरा वॅटने हलतं.

मग उपग्रह कशाला? इथे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

अमेरिकेच्या सेरेस नावाच्या, पृथ्वीचा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणमालिकेतलं पहिलं उपकरण १९९७ मध्ये गेलं. १९९९ च्या डिसेंबरात सोडलेल्या टेरा आणि २००२ मधल्या ॲक्वा या उपग्रहांवरच्या उपकरणांनी दीर्घ नोंद दिली. त्यांचे कच्चे आकडे नुसते जमा-वजा केले तर असमतोल चार वॅटच्या वर येतो, जे शक्यच नाही, कारण मग समुद्र चौपट वेगाने तापला असता. म्हणून सेरेसच्या गटाने आवक-जावक आपापल्या चुकीच्या मर्यादेत राहून थोडी सरकवली आणि २००५ च्या जुलैपासून दहा वर्षांची सरासरी आर्गोच्या ०.७१ वॅटशी बांधली. तुम्ही म्हणाल, ही तर उत्तर बघून गणित सोडवण्याची तऱ्हा झाली. सरासरीच्या आकड्यापुरतं ते खरं आहे. उपग्रहाकडून सरासरी शिकायचीच नसते.

उपग्रहाकडून बदल शिकायचा असतो. बाजारातला एखादा तराजू कायम पाव किलो जास्त दाखवत असेल, तर कापसाचं खरं वजन त्यावर कळणार नाही. पण कालच्यापेक्षा आजचं गाठोडं किती जड, ते बरोबर कळेल, फक्त तराजूची खोड रोज तीच राहिली पाहिजे. सेरेसची उपकरणं नेमकी अशी स्थिर आहेत. त्यांची कायमची चूक काही वॅटची असली तरी दशकभरातली त्यांची सरक काही दशांश वॅटचीच असते. बांधणी एकाच आकड्याची झाली, चढउतार त्यांचे स्वतःचे राहिले.

आणि ते चढउतार समुद्राशी जुळतात. २०२१ मध्ये सेरेसच्या गटातले नॉर्मन लोब आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१९ चा काळ दोन्ही बाजूंनी तपासला. उपग्रहाने असमतोल दशकाला ०.५० वॅटने वाढताना दाखवला, समुद्राच्या मोजमापांनी ०.४३ वॅटने. दोन्हींची चुकीची मर्यादा मोठी आहे, जवळपास आकड्याएवढीच, आणि ते त्यांनी लपवलेलं नाही. पण सातशे किलोमीटरच्या आतबाहेर उंचीवरून फिरणारं उपकरण आणि दोन किलोमीटर खोल बुडणारा नळा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाची चूक दुसऱ्याला लागण्याची वाटच नाही. दोघांनी एकच सांगितलं की मी मान डोलावतो.

तिसरा साक्षीदारही आहे. पाणी तापलं की फुगतं. उपग्रहांवरचे रडार १९९२ पासून समुद्राची उंची मोजतात. २००२ पासून ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी, आणि २०१८ पासून तिच्या जागी आलेली नवी जोडी, गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकावरून समुद्रात नवं पाणी किती आलं ते सांगते. उंचीतून नव्या पाण्याचा वाटा काढला की उरतं ते निव्वळ फुगणं, आणि त्यावरून उष्णता.

या साक्षीदारांचा उपयोग एकदा फार सुंदर झाला, तो प्रसंग सांगतो. २००६ मध्ये एका शोधनिबंधात दिसलं की २००३ ते २००५ मध्ये समुद्राचा वरचा भाग थंड झाला. मोठी खळबळ झाली. पण त्याच काळात समुद्राची उंची वाढतच होती आणि उपग्रहांच्या नोंदींतही तसं काही दिसत नव्हतं. निबंधाच्या लेखकांनी पुन्हा खोदकाम केलं. तेव्हा कळलं की काही आर्गो नळ्यांत दाबाची नोंद चुकत होती, म्हणजे तापमान बरोबर पण खोली चुकीची. शिवाय जहाजांवरून टाकायचे जुने तापमापक उलट बाजूला, जास्त उष्ण दाखवत होते. नव्या-जुन्यांची मिसळ झाली तशी खोटी थंडी दिसली. त्यांनी स्वतःच दुरुस्ती जाहीर केली. ते वाचताना मला माझी भेगेतली चकती आठवली. आमच्याकडे ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं, म्हणून पंधरा दिवस कळलं नाही. त्यांच्याकडे होतं.

इथवरचं एका ओळीत: किती हे समुद्र सांगतो, वाढतंय की घटतंय हे उपग्रह आणि समुद्र दोघं मिळून सांगतात, आणि समुद्राची उंची दोघांवर नजर ठेवते.

आता दुसरा प्रश्न, एका वॅटने काय होतं.

मे महिन्याच्या दुपारचे हजार वॅट खरेच असतात. मेच्या मध्याच्या पुढेमागे सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तेव्हाच असतो. पण ते हजार येतात तसे जातातही. तापलेली काळी माती साठ अंशांवर गेली की एकटी सहाशे वॅटच्या पुढे किरणांनी परत सोडते, बाकीचं गरम हवा वर नेते. संध्याकाळपर्यंत हिशोब जवळपास मिटतो. असमतोलाचा एक वॅट मिटत नाही. तो रोज मागे उरतो.

त्याचं मोठेपण मला एकराच्या मापात कळलं. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, म्हणजे एकराला चार किलोवॅट. आपल्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅटची असते. तेव्हा अशी कल्पना करा की पृथ्वीवरच्या प्रत्येक एकरात, रानात, वाळवंटात, बर्फात आणि भर समुद्रात, पाच एचपीची एक मोटर बसवली आहे आणि ती रात्रंदिवस, भारनियमनाशिवाय, वर्षानुवर्षं नुसती उष्णता भरते आहे. सगळ्या पृथ्वीची बेरीज होते ५१० लाख कोटी वॅट. जगातली सगळी माणसं कोळसा, तेल, गॅस, वीज मिळून जेवढी ऊर्जा वापरतात, त्याच्या साधारण पंचवीसपट. म्हणजे आपल्या चुली, गाड्या आणि कारखान्यांच्या थेट उष्णतेने हे होत नाही. हे होतं बाहेर जाणारी उष्णता अडल्याने.

ते अडणं तुम्ही अनुभवलेलं आहे. हुरड्याच्या दिवसांत आभाळ निरभ्र असलं की पहाटे कडाका पडतो, आभाळ आलं की थंडी मोडते. माझ्या नोंदीत निरभ्र जानेवारीच्या रात्री शेत दर चौरस मीटरला साठ-सत्तर वॅट गमावत असे, दाट ढग आले की तोच आकडा वीसच्या आसपास यायचा. ढगांनी नवी उष्णता आणली नाही, जाणारी परत खाली पाठवली. कार्बन डायऑक्साइड हेच काम दिवस-रात्र आणि कोरड्या हवेतही करतो. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेला आहे.

गेल्या वीस वर्षांतली वाढ मात्र एकट्या कार्बनची नाही. उपग्रहांना दिसतं की पृथ्वी पूर्वीपेक्षा कमी ऊन परत उडवते आहे: बर्फ घटला, काही समुद्रांवरचे सखल ढग विरळ झाले, कारखान्यांचा, ऊन परत उडवणारा गंधकाचा धूर कमी झाला. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. यातल्या कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. ढग स्वतः तापमानवाढीमुळे विरळ होत असतील तर ते सर्वात काळजीचं, कारण मग वाढच वाढीला खतपाणी घालते. माझा कौल विचाराल तर मी या शंकेला बरंच वजन देतो.

परिणामांबद्दल दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, असमतोल म्हणजे अजून अंगावर न आलेली तापमानवाढ. आज हवेतले वायू आहेत तिथेच गोठवले तरी समुद्र तापत राहील आणि पृथ्वी साधारण अर्धा ते एक अंश आणखी तापून हिशोब जुळवेल. पण उत्सर्जन शून्यावर आणलं तर समुद्र आणि झाडं हवेतला कार्बन शोषत राहतात, अडवणूक कमी होते आणि पृष्ठभागाचं तापमान जवळपास आहे तिथे थांबतं. "आता काही केलं तरी उपयोग नाही" असं कुणी म्हणालं तर त्याने पहिलं वाक्य ऐकलं आहे, दुसरं नाही. समुद्राचं फुगणं आणि बर्फाचं वितळणं मात्र शतकानुशतकं चालू राहतं.

दुसरी, हवेचं तापमान एखादं दशक रेंगाळलं म्हणजे असमतोल थांबला असं नाही. १९९८ नंतर दहा-बारा वर्षं हवेची वाढ मंदावली होती आणि लोक म्हणू लागले की संपलं. त्या सगळ्या काळात समुद्र उष्णता भरत होता. पुढे २०२३-२४ च्या एल निनोत साठलेल्यातली काही वर आली आणि २०२४ हे औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.५५ अंश जास्त तापलेलं वर्ष ठरलं.

आणि मराठवाडा? इथे मी सावध बोलतो. एक वॅट हा साऱ्या पृथ्वीचा आकडा आहे, बीड जिल्ह्याचा नाही. आपल्या डोक्यावर कुठल्याही महिन्यात दहापट मोठी तूट किंवा जमा असते, आणि वारे व समुद्र ती इकडून तिकडे नेतात. त्या एका वॅटने अमुक गावचा अमुक पाऊस पडला, असं मी कधीच म्हणणार नाही. साखळी मात्र सांगतो. हिंदी महासागराचा पश्चिम भाग गेल्या शतकात बाकी उष्ण समुद्रांपेक्षा जास्त तापला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. जास्त धरते म्हणजे पडेल तेव्हा जास्त पडते, आणि न पडेल तेव्हा मातीतून जास्त ओढून घेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्याने २०२५ च्या सप्टेंबरात शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेलेली पाहिली. सोयाबीनच्या गंजी वाहून गेलेल्या माणसाला सरासरी पाऊस चांगला झाला हे सांगून काय मिळतं? माझ्या वहीत मोठी उघडीप आणि मोठा पाऊस दोन्ही एकाच हंगामात दिसू लागले आहेत, आणि पाण्याचं नियोजन करणाऱ्यांनी सरासरीऐवजी या दोन टोकांकडे बघावं, असं मी बैठकांतून वर्षानुवर्षं सांगत आलो आहे.

बाष्पीभवनाचा आकडा हाताशी ठेवा. एक मिलीमीटर पाण्याची वाफ एका दिवसात करायला २८ वॅट लागतात. मे महिन्यात आमच्या बाष्पीभवन पात्रातून दिवसाला दहा मिलीमीटरच्या पुढे पाणी उडायचं. उथळ तलावातलं पाणी कुठे जातं, ते यात आलं.

शेवटी तुमची गच्ची. पृथ्वीचा असमतोल तिथे मोजता येणार नाही, कितीही महाग उपकरण आणलंत तरी. पण त्याचे घटक मोजता येतात आणि ते करून बघाच. आपल्या देशात किरणोत्सर्ग मोजण्याचं जाळं हवामान खात्यातल्या शास्त्रज्ञ ॲना मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात पुण्याहून उभं केलं, तेही उपकरणं इथेच तयार करण्याचा आणि एकेक पारखून घेण्याचा आग्रह धरून. २०११ मध्ये इस्रो आणि फ्रान्सने मिळून सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर पृथ्वीचा किरणोत्सर्ग मोजणारं स्कॅरॅब हे उपकरण होतं आणि त्याची कक्षा आपल्या अक्षांशांवरूनच जायची. तेव्हा हा विषय परका समजू नका.

एक इन्फ्रारेड तापमापक बंदूक घ्या. कोविडच्या काळात कपाळावर धरायचे ती नको, कारखान्यात वापरतात ती, उणे तापमान दाखवणारी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळल्यापासून दर तासाला तीन नोंदी: सरळ वर आकाश, गच्चीची फरशी आणि जवळच्या रानातली उघडी काळी माती. निरभ्र रात्री आकाश शून्याच्या बरंच खाली दिसेल, ढग आले की ते आकडे झपाट्याने वर येतील, आणि मातीचं थंड होणं त्याच वेळी मंदावेल. त्याच्या जोडीला मातीपासून वेगवेगळ्या उंचीवर चार-पाच तापमापक टांगा. १९३२ मध्ये रामदास आणि आत्मनाथन या हवामानशास्त्रज्ञांना आढळलं होतं की वारा पडलेल्या निरभ्र रात्री सर्वात थंड हवा जमिनीला टेकलेली नसते, थोडी वर असते. तुम्हाला ते दिसलं तर मोजणी नीट चालली आहे असं समजा.

मातीत तापमापक पुराल तर ५, १० आणि २० सेंटीमीटरवर पुरा, आणि दर आठवड्याला भोवतालची माती बोटाने चाचपून बघा. भेग दिसली की त्या दिवसाची नोंद वेगळ्या शाईने लिहा, खोडू नका. महिनाभराच्या नोंदी झाल्या की इथे टाका, मी बघून सांगतो.